उभ्या गाडीचा टायर

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे उसाचा गळीत हंगाम संपतो, आणि नांदेड-लातूरकडच्या गावागावांत ट्रॉल्या जागच्या जागी उभ्या राहतात. कुणाची आखाड्यावर कडुनिंबाखाली, कुणाची घरासमोर रस्त्याच्या कडेला. मध्ये शेणखताच्या चार-दोन खेपा झाल्या तर झाल्या. एरवी दसरा-दिवाळीपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. ऊसतोड टोळ्यांच्या टायरगाड्यांचेही तेच. त्याही पुढच्या हंगामाची वाट पाहत उघड्यावर रांगेने उभ्या असतात.

मग ऑक्टोबर उजाडतो. ट्रॉली बाहेर काढताना दिसते की टायरची नक्षी जशीच्या तशी आहे, पण बाजूला, रिंगजवळ, बारीक भेगांचे जाळे पडले आहे. त्याच टायरवर उसाची थप्पी रचली जाते आणि डिसेंबरातल्या एखाद्या रात्री तो भर रस्त्यात फुटतो. टोळीला मजुरी मिळते ती टनावर. गाडी रस्त्यात अडली की तो दिवस बुडाला. लादलेली ट्रॉली कलंडली तर काय होते, ते आपण वर्तमानपत्रांत दर हंगामात वाचतो.

पळालेला टायर झिजतो हे कोणालाही पटते. पण न पळालेला टायर का फाटावा? याचे उत्तर शोधायला रसायनशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या उत्तराची सुरुवात भारताच्या उन्हात झाली, हा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

आधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. उभ्या गाडीची काळजी घ्यावी लागते हे आपल्याकडे जुन्या लोकांना चांगले माहीत होते. लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असे. उन्हाळ्यात गाडी पडून राहिली की लाकूड सुकून आकसे, धाव सैल होई आणि चाक खिळखिळे होई. तेव्हा चाके काढून ओढ्याच्या किंवा नदीच्या पाण्यात ठेवत. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. लाकडाचा हा स्वभाव सुताराला आणि शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. रबर मात्र नवे आले, आणि त्याचा स्वभाव कळायच्या आत ते चाकावर चढले.

कच्च्या रबराची मोठी खोड म्हणजे ते थंडीत दगडासारखे होई आणि उन्हाळ्यात चिकट गोळा. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी खटपट्या माणसाला याचा फटका बसला तो साठवणीतच. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने अमेरिकी टपाल खात्यासाठी रबरी थैल्या तयार केल्या आणि त्या एका उबदार खोलीत ठेवून तो काही आठवडे बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो तो थैल्या मऊ पडून निकामी झालेल्या. एकही थैली अजून वापरली गेली नव्हती! पुढे १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवल्यास ते उन्हाने विरघळत नाही आणि थंडीने कडकही होत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. रबराचे लांबलचक रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना जोडले जातात. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकनेही याच काळात ही प्रक्रिया साधली आणि १८४३ च्या अखेरीस, गुडइयरच्या आधी, एकस्वासाठी अर्ज केला. पुढे रॉबर्ट टॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे एकस्व घेतले, पण लोक ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते पुन्हा शोधले. हा इतिहास सर्वांना ठाऊक असतो, म्हणून तो येथे लांबवत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना डनलॉपच्याही आधीची आहे. १८५१ पासून विल्यम ओशॉनेसीच्या देखरेखीखाली भारतात तारायंत्राचे जाळे उभारले जाऊ लागले. काही ठिकाणी तारांना गटापर्चाचे वेष्टण दिलेले होते. गटापर्चा हा रबराचा सख्खा भाऊ म्हणावा असा मलायातला चीक आहे. दोघांची घडण एकाच पाच-कार्बनी घटकाची, फक्त साखळीची वळणे वेगळी. युरोपात समुद्राखाली उत्तम टिकणारे हे वेष्टण भारतात मात्र थोड्याच काळात ठिसूळ होऊन बोटाने चुरडू लागले. त्याचे नमुने लंडनला ऑगस्ट हॉफमन या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे गेले. १८६१ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला की उष्ण प्रदेशातल्या हवेत या पदार्थाने ऑक्सिजन शोषून घेतला आहे. रबर किंवा त्याच्या जातीचा पदार्थ नुसता पडून म्हातारा होतो आणि त्याला कारण हवेतला ऑक्सिजन आहे, हे स्पष्ट सांगणाऱ्या अगदी पहिल्या शोधनिबंधांपैकी हा एक. समुद्रतळाच्या केबलला ऊब नव्हती, ऊन नव्हते आणि मोकळी हवाही नव्हती. भारतात तिन्ही भरपूर होते.

यातून एक साधा हिशेब निघतो. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. तो नेमका नियम नाही, पण अंदाजाला पुरतो. यूरोप-अमेरिकेतला शेतकरी ट्रेलर ठेवून देतो तो हिवाळ्यात; शेडमधले तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी. आपल्याकडे ट्रॉली उभी राहते नेमकी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा नांदेडला पारा चाळीसच्या वर असतो आणि उन्हातला काळा टायर हवेपेक्षा बराच जास्त तापतो. दहा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट. त्यांच्या टायरचे आठ महिने म्हणजे आपल्या टायरचा एक महिना. तिकडच्या पुस्तकांतले सल्ले इकडे जसेच्या तसे का घेऊ नयेत, याचे हे एक कारण.

कारखानदारांनाही हा हिशेब उपयोगी पडला, पण उलट बाजूने. गुडरिच कंपनीतल्या विल्यम गीरने १९१६ च्या सुमारास रबराचे तुकडे सत्तर अंशांच्या भट्टीत ठेवून काही दिवसांत त्यांना 'म्हातारे' करण्याची पद्धत काढली. कोणते रबर टिकेल हे पाहायला वर्षानुवर्षे थांबायची गरज उरली नाही. त्याच सुमारास टायर पांढऱ्याचे काळे झाले. आधी त्यांत झिंक ऑक्साइड असे; आता काजळी घालू लागले, ती मुख्यतः झीज कमी करण्यासाठी. काजळी उन्हातले अतिनील किरण अडवते हा वरचा लाभ. ॲनिलिनसारखी काही कार्बनी अमाइने रबराचे वार्धक्य लांबवतात, हेही ध्यानात आले होते. १९३० पर्यंत ऑक्सिजनचा प्रश्न पुष्कळसा आटोक्यात आला.

तरी भेगा पडतच राहिल्या. त्यांना इंग्रजीत 'सन-चेकिंग' म्हणत, म्हणजे उन्हाने पडलेले तडे. आपल्याकडेही 'उन्हाने तडकला' असेच म्हणतात. मात्र या भेगा ऑक्सिजनच्या कामासारख्या दिसत नव्हत्या. ऑक्सिजनने जुने झालेले रबर सगळीकडे सारखेच कडक होते. या भेगा मात्र एका दिशेने, ताणाला काटकोनात पडलेल्या असत. अंधाऱ्या गोदामातल्या टायरलाही त्या पडत. आणि ताण नसलेल्या रबराचा तुकडा उन्हात कितीही ठेवला, तरी त्याचा वरचा पापुद्रा कडक होई, पण तशा खोल भेगा पडत नसत.

या कोड्याचा उलगडा ज्या वायूने झाला, त्याचा शोध ख्रिश्चन शॉनबाइनने लावला तोही १८३९-४० मध्येच, म्हणजे गुडइयरच्या शोधाच्या सुमारास. तो वायू ओझोन. ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र आलेला, तिखट वासाचा, अतिशय चपळ. विशेष म्हणजे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग आधी हत्यार म्हणून केला. जर्मनीत कार्ल हॅरीसने १९०४-०५ च्या सुमारास रबराच्या द्रावणातून ओझोन सोडला आणि रबराचा रेणू तुकडे-तुकडे झाला. ते तुकडे तपासून त्याने दाखवले की रबरात पाच कार्बनांचा एकच घटक पुन्हापुन्हा येतो आणि प्रत्येक घटकात एक दुहेरी बंध असतो. ओझोन नेमका त्या बंधावर घाव घालतो. रेणू खरोखर किती प्रचंड लांब आहे हे हॅरीसला उमगले नाही. ते पुढे हेरमान स्टाउडिंगरने पटवून दिले आणि त्याला १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण जे हत्यार प्रयोगशाळेत रबर कापते, तेच बाहेरच्या हवेतही हिंडत असते, याकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे लागली.

जमिनीलगतच्या हवेत ओझोन असतो किती? दर अब्ज भागांत साधारण तीस ते साठ भाग. एवढ्या अल्प वायूने टायर कसा फाटेल, ही शंका रास्त आहे. येथे ताणाची गोष्ट येते. सैल रबरावर ओझोन वरच्या थरातले बंध तोडतो, एक पातळ कवच तयार होते आणि क्रिया तिथेच थांबते. रबर काही टक्के जरी ताणलेले असले तर तुटलेला थर फाकतो, खालचे ताजे रबर उघडे पडते, ओझोन तेही तोडतो, आणि भेग आत आत सरकत जाते. सुरीने कापताना कापड ताणून धरावे तसे. आणखी एक चमत्कारिक बाब अशी की रबर खूप ताणले तर भेगा असंख्य पण बारीक व उथळ पडतात. थोडेसेच ताणले तर भेगा मोजक्या, पण खोल. उभ्या ट्रॉलीच्या टायरवर असतो तो हा दुसऱ्या प्रकारचा, थोडा पण सतत असणारा ताण. माझ्या मते या साऱ्या विषयात लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. ऊन आणि हवा आपल्या हातात नाहीत, ताण आहे.

भेगांचा आणि ओझोनचा संबंध लोकांसमोर ठळकपणे आला तो लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ पासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरू लागले आणि तिथले टायर इतर गावांपेक्षा लवकर भेगाळतात हेही ध्यानात आले. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे आरी हागेन-स्मित हे डच शास्त्रज्ञ त्या वेळी तिथल्या कॅलटेक संस्थेत होते. त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की मोटारींचा धूर आणि सूर्यप्रकाश यांच्या क्रियेतून ओझोन तयार होतो. हवेतला ओझोन मोजायला त्यांनी काय वापरले असेल? रबराची वाकवलेली पट्टी. तिला पहिली भेग पडायला किती मिनिटे लागतात, त्यावरून ओझोनचे प्रमाण. टायरचा रोग हाच हवेचा थर्मामीटर झाला.

दुसरीकडे हाच प्रश्न सैन्याला छळत होता. १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. युद्धासाठी कृत्रिम रबर घाईने बनवले गेले. युद्ध संपल्यावर असंख्य वाहने आणि सुटे टायर साठवणीत गेले, आणि पडल्या पडल्या भेगाळू लागले. ही जगातली सर्वांत मोठी 'उभी गाडी' म्हणायची. इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीतल्या बेटावर असलेल्या रॉक आयलंड शस्त्रागाराच्या प्रयोगशाळेने यावर काम केले आणि १९५४ मध्ये ओझोनरोधकांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॅरा-फेनिलिनडायअमाइन या कुळातली रसायने रबरात मिसळली की ओझोन रबराच्या आधी त्यांच्यावर तुटून पडतो. रसायन बळी जाते, रबर वाचते. पुढे या कुळातले 'सिक्स-पीपीडी' जगभरच्या टायरांत रूढ झाले. टायरच्या बाजूला कधी कधी उदी छटा दिसते ती बहुधा याचीच.

याच्या जोडीला टायरमध्ये मेणही असते. ते सावकाश पृष्ठभागावर येऊन अतिशय पातळ पापुद्रा धरते आणि ओझोनला दार बंद करते. टायर पळू लागला, त्याची बाजू सारखी लवू लागली की हा पापुद्रा मोडतो. तेव्हा रसायन उपयोगी पडते. म्हणजे मेण हे मुख्यतः उभ्या टायरचे चिलखत. पण मेणालाही हवामान मानवावे लागते. फार थंडीत ते वर येऊ शकत नाही आणि फार उष्णतेत ते पुन्हा रबरात विरघळते. म्हणून कारखाने वेगवेगळ्या वितळणबिंदूंची मेणे मिसळतात. मेच्या दुपारी उन्हात तापणाऱ्या टायरवर हे चिलखत सर्वांत पातळ असते, आणि त्याच दुपारी प्रखर ऊन व वाहनांचा धूर यांमुळे हवेत ओझोनही वाढलेला असतो.

आता आपल्या आखाड्यावर येऊ. ट्रॉली रिकामी करून आसाखाली लाकडाचे ओंडके किंवा दगडी ठोकळे द्यावेत आणि टायर जमिनीपासून चार बोटे उचललेला ठेवावा. हा सर्वांत मोठा उपाय, कारण त्याने ताण जातो. ते जमत नसेल तर निदान हवा पूर्ण ठेवावी. रबरातून हवा झिरपत असते. दोन-तीन महिन्यांत दाब उतरतो, टायरची बाजू फुगते आणि ताण वाढतो. अशा वेळी महिन्यातून एकदा हवा पाहून गाडी पाव चाक पुढे ढकलली तरी एकाच जागेवरचा ताण हलतो. टायर झाकायला युरियाची रिकामी पांढरी पोती उत्तम. काळे प्लॅस्टिक तापते. काही जण उसाचे पाचट रचतात. सावली मिळते हे खरे, पण पाचट ठिणगीसरशी पेटते आणि त्यात उंदीरही होतात, तेव्हा तो उपाय मला पसंत नाही. जळके काळे ऑइल किंवा डिझेल पुसून टायर 'चमकवणे' मात्र सरळ सरळ हानिकारक आहे. तेलाने रबर फुगते, आणि डिझेलने मेणाचा थरच धुऊन जातो. वेल्डिंगच्या दुकानाशेजारी ट्रॉली उभी करणेही टाळावे, कारण विजेच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो.

जुना टायर घेताना नक्षीवर विसंबू नये. बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेला जुना टायर हा जास्त चाललेल्या नव्या टायरपेक्षा बरा असतोच असे नाही.

या सगळ्याला एक अलीकडची पुरवणी जोडावी लागते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिॲटलच्या परिसरात, पावसानंतर ओढ्यांत आलेले कोहो सालमन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत असत. शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे त्याचा माग काढला. डिसेंबर २०२० मध्ये झेन्यू तिआन, एडवर्ड कोलोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण प्रसिद्ध केले. टायरमधले सिक्स-पीपीडी ओझोनशी संयोग पावून एक क्विनोन बनते. टायरच्या झिजलेल्या कणांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते, आणि अत्यल्प प्रमाणातही कोहोला मारते. गंमत अशी की त्याच कुळातल्या चम सालमनला ते फारसे बाधत नाही. म्हणजे जे रसायन रबरासाठी बळी जाते, त्याचे अवशेष विषारी निघाले. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिक्स-पीपीडी असलेल्या टायरांना नियमनाच्या यादीत घातले, आणि उत्पादकांना पर्याय शोधणे भाग पडले. पर्याय सोपा नाही. ओझोनवर रबरापेक्षा जलद तुटून पडणारे, टायरमध्ये वर्षानुवर्षे टिकणारे आणि तरीही निरुपद्रवी असे रसायन हवे आहे. ताण काढून घेणाऱ्या ओंडक्यांना मात्र असला काही दोष नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी हा विषय फार सोयीचा आहे. एकाच पाकिटातली साधी रबरबँड घ्यावीत. एक लाकडी पट्टीवर थोडे ताणून व्हरांड्यात, पण सावलीत ठेवावे. दुसरे तितकेच ताणून घट्ट झाकणाच्या डब्यात. तिसरे न ताणता पहिल्याशेजारी. चौथे दुप्पट ताणून, तेही तिथेच. पाचव्या ठिकाणी 'ब्यूटिल' असे छापलेल्या जुन्या ट्यूबची पट्टी वाकवून बांधावी. ब्यूटिल रबर १९३७ मध्ये अमेरिकेत तयार झाले. त्यात दुहेरी बंध अगदी थोडे असतात. रोज दुपारी भिंगातून पाहून पहिली भेग कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने आणि किती खोल पडली ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. हा प्रयोग एकदा मार्चमध्ये करावा आणि एकदा ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात ढगांमुळे आणि धुतलेल्या हवेमुळे आपल्याकडे ओझोन कमी असतो. त्या दोन नोंदींतला दिवसांचा फरक मुलांनाच मोजू द्यावा.